जुने प्लग मालकाच्या हातात

धाकट्याचा ट्रक सकाळी सहालाच आला आणि फाटकातून आत येता येताच दोनदा खोकला. शेडच्या दारात उभ्या असलेल्या बाबांनी मान तिरकी करून डोळे मिटले आणि म्हणाले, "सहा नंबरचा प्लग गेलाय. तीन नंबरही कुरकुरतोय." मग डोळे उघडून त्यांनी ट्रकमधून उतरणाऱ्या माणसाकडे पाहिलं आणि शेजारी उभ्या लेकीला हळूच विचारलं, "हे कोण म्हणायचे?"

"धाकटा आहे, बाबा."

"हो, हो. धाकटाच," बाबा म्हणाले, जणू तिचीच परीक्षा घेत होते.

धाकट्याने ऐकलं होतं. त्याने फक्त बहिणीकडे बघितलं, आणि त्या बघण्यात 'मी काय सांगत होतो' हे सगळंच्या सगळं होतं.

बाबांना गॅरेजमध्ये उस्ताद म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची इंजिनं उघडली आणि परत जोडली. ते गॅरेज बंद पडून अकरा वर्षं झाली, आता तिथे गाद्यांचं दुकान आहे. गेल्या वर्षात बाबा दोनदा घरात कुणालाही न सांगता तिथे जाऊन पोचले. दुसऱ्या खेपेला तर एका नव्या कोऱ्या गादीवर बुटांसकट बसून त्यांनी दुकानदाराला दम भरला, की माझं टेबल कुणी हलवलं. मधल्या काळात दूध गॅसवर ठेवून ते अंगणात विसावले आणि स्वयंपाकघराची एक भिंत काळी झाली. त्यानंतर धाकट्याने हातपाय हलवले. गावाबाहेरच्या चढाच्या पलीकडे, दोन तासांवर, म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी एक संस्था होती. तिथे एक खाट रिकामी झाली होती. हो की नाही ते उद्या सकाळी कळवायचं होतं.

लेकीला ते नको होतं. ती घरीच पडदे शिवायची. तिचं लग्न कधीच मोडलं होतं, आणि या घरात ती आणि बाबा असे दोघंच होते. बाबांची काळजी वाटते म्हणून नको, हे खरंच होतं. पण बाबा गेल्यावर संध्याकाळी मशीन बंद केलं की घरात कुणाचा आवाज असेल, हा प्रश्नही तिला खात होता, आणि तो तिने भावाला कधी सांगितला नाही. भावापुढे ती फक्त हट्ट करायची. त्यातूनच ही पैज लागली.

ट्रकचे स्पार्क प्लग बदलायचे होते. जुनं पेट्रोल इंजिन, आठ सिलिंडरचं, चार या अंगाला, चार त्या अंगाला. प्लग वर्षानुवर्षं न हलवल्यामुळे हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणात, रुतून बसले होते. दोन गॅरेजवाल्यांनी हात टेकले होते. प्लग आत मोडला तर हेड उतरवावं लागेल, आमची जबाबदारी नाही, असं दोघांनीही तोंडावर सांगितलं. आणि न बदलून चालणार नव्हतं. आठवड्यापूर्वी चढावर, भरल्या गाडीनिशी, इंजिन अडखळलं आणि ट्रक वीसेक फूट मागे घसरला. मागच्या मोटारीत एक बाई आणि दोन मुलं होती. मोटारीच्या नाकापासून हातभर अंतरावर ब्रेक लागले. धाकट्याला अजून ते आठवलं की घाम फुटायचा.

"बाबांना करू दे," लेक म्हणाली होती. "आठच्या आठ."

"ताई, त्यांना माझं तोंड ओळखू येत नाही."

"तोंड नसेल ओळखू येत. इंजिन येतं."

धाकट्याने बराच वेळ नख चावलं. "ठीक आहे. आठही बदलले, एकही न मोडता, तर मी त्या लोकांना नाही कळवतो. पुन्हा विषय काढणार नाही. पण एक जरी आत राहिला ना..."

"कबूल."

बापाला असं पणाला लावायची काही रीत नाही. पण दोघंही एकाच हटवादी माणसाची पोरं होती, आणि दोघांनाही दुसरं काही सुचलं नव्हतं.

धाकट्याने नव्या प्लगची आठ खोकी शेडमधल्या फळीवर रांगेत ठेवली, किल्ली लेकीच्या हातात दिली आणि पाचला येतो म्हणून तो निघून गेला.

बाबांनी तीन तास इंजिनाला हात लावला नाही. लेक घायकुतीला आली, पण ते स्टुलावर ढिम्म बसून राहिले. "हेड ॲल्युमिनियमचं आहे," ते म्हणाले. "गरम असताना प्लग ओढलास तर तो आटेच सोबत घेऊन येतो. मग बस रडत." दर थोड्या वेळाने ते उठून हाताचा पालथा पंजा हेडला लावायचे, जसा आजारी माणसाच्या कपाळाला लावतात, आणि परत येऊन बसायचे. बोलता बोलता त्यांनी तिला गॅरेजचे नियमही ऐकवले. तिला ते लहानपणापासून पाठ होते. उघड्या भोकाजवळ श्वाससुद्धा जपून घ्यायचा. घाई सुटली की पाना खाली ठेवायचा. आणि काढलेला जुना प्लग त्याच्या जागी गेलेल्या नव्याच्या खोक्यात घालायचा, वर नंबर लिहायचा, आणि खोकी मालकाच्या हातात दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही.

"का, सांग?"

"काम केलं हे मालकाला दिसावं म्हणून."

"आणि आपल्यालाही," बाबा म्हणाले.

इंजिन गार झालं आणि बाबा बदलले. पाठ ताठ झाली, शब्द कमी झाले. लेकीने वायरींना शिवणकामाचे रंगीत दोरे बांधले, कुठली कुठून निघाली ते कळावं म्हणून. "मला खुणा कशाला?" ते गुरगुरले, पण बांधू दिले. सायकलच्या पंपाने त्यांनी प्रत्येक प्लगभोवतीच्या खळग्यातली धूळ उडवली, गंज सोडवणारं तेल घातलं आणि पुन्हा वाट बघत बसले. मग पाना लावला. पहिला प्लग हलेना. त्यांनी जोर केला नाही. पाना धरून ते थोडा भार द्यायचे, सोडायचे, पुन्हा द्यायचे. अचानक आतून दाराची बिजागरी करकरावी तसा आवाज आला आणि लेक एक पाऊल मागे सरली.

"घाबरू नकोस. बोलायला लागलाय," बाबा म्हणाले.

जरासा बाहेर, पुन्हा आत, तेल, थांबायचं. पुन्हा जरासा बाहेर. एकेका प्लगला वीस वीस मिनिटं. बाहेर आलेला प्लग ते उजेडात धरून वाचायचे, काजळी कुठे, झीज कुठे, आणि वर्तमानपत्रावर लिहिलेल्या आकड्यावर ठेवायचे. सहा नंबर काळाकुट्ट निघाला. सकाळी ट्रक फाटकात असतानाच त्यांनी त्याचं नाव घेतलं होतं.  हा माणूस कुणाला जड झालाय, असं लेकीला ओरडून सगळ्या गल्लीला विचारावंसं वाटलं.

आठवा अगदी मागे होता, केबिनच्या पत्र्याला चिकटून. तिथे नजर पोचत नव्हती, हातच कसाबसा जात होता. बाबा बंपरवर चढून इंजिनावर आडवे झाले आणि डोळे मिटून बोटांनी चाचपत राहिले. पत्र्याच्या कडेने त्यांच्या बोटांची सालपटं निघाली. लेक टॉर्च धरून उभी होती, तिचा दंड भरून आला होता. पाऊण तासाने बाबा म्हणाले, "धर," आणि तिच्या तळहातावर एक गार, तेलकट, अख्खा प्लग पडला.

एकही मोडला नव्हता. आटे शाबूत होते. दुपारचा एक वाजला होता आणि लेकीला उभ्या जागी रडू फुटलं.

"वेडी आहेस का," बाबा म्हणाले. "अजून बसवायचेत. ते तर कुणीही करेल."

तिथे ती चुकली. कुणीही करेल म्हणून ती आत गेली. अंडी आणि भात केला, बाबांना शेडमध्येच नेऊन दिला, आणि अडलेले दोन पडदे संपवायला मशीनवर बसली. बाहेरून घासण्याचा, टुकटुक करण्याचा आवाज येत होता. तो आवाज ऐकत, लढाई जिंकल्यासारखी, ती कितीतरी दिवसांनी गुणगुणत शिवत होती.

साडेतीनला ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा बाबा शेवटचा प्लग आवळत होते. दोरे बघून सगळ्या वायरी अचूक लावल्या होत्या. आट्यांना त्यांनी तांब्याच्या रंगाचं ग्रीसही लावलं होतं, पुढच्या वेळी कुणाला त्रास नको म्हणून. लेकीची नजर वर्तमानपत्राकडे गेली. त्यावर एक ते आठ आकडे होते आणि प्रत्येक आकड्यावर तेलाचा एकेक डाग. प्लग एकही नव्हता. बाजूला तारेचा ब्रश, पेट्रोलची वाटी आणि फट मोजायची पट्टी पडली होती.

तिने फळीकडे पाहिलं. आठ खोकी सकाळी होती तशीच रांगेत, चिकटपट्टीसकट.

"बाबा," ती म्हणाली, "प्लग कुठले बसवलेत?"

"कुठले म्हणजे? हेच. घासून, धुऊन, फटी जुळवून. नव्यासारखे केलेत बघ." ते खुशीत होते. "नवे यायला महिना लागेल म्हणत होते मालक. तोवर गाडी काय उभी ठेवायची?"

त्यांच्या उमेदीच्या काळात नवे प्लग सहजी मिळायचे नाहीत. जुने काढायचे, घासायचे, परत बसवायचे, हेच काम. डोकं मधेच कुठेतरी सुटलं होतं आणि हात त्या काळात जाऊन पोचले होते. हातांनी आपलं काम चोख केलं होतं, फक्त तीस वर्षांपूर्वीचं.

"लाव गाडी," बाबा म्हणाले.

तिने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं आणि कुरकुर न करता चालत राहिलं. बाबांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान डोलावली. लेक मात्र फळीवरच्या बंद खोक्यांकडे बघत होती. असा घासलेला प्लग थोडे दिवस बरा चालतो आणि मग दगा देतो, तोही चढावर, ओझ्याखाली. हे तिला बाबांनीच शिकवलं होतं.

आत्ता सांगितलं तर पुन्हा आठही काढायचे, या सोललेल्या बोटांनी. आणि सांगायचं कसं? तुम्ही दिवसभर राबून काहीच केलं नाहीत, असं? गाडी तर चालतेय. नंतर कधीतरी गुपचूप बदलून टाकू. असं तिने स्वतःला समजावलं. बाबा हात धुवायला मोरीकडे गेले तशी तिने आठही खोकी ओच्यात भरली आणि शिवायच्या पडद्यांच्या ढिगाखाली दडवली.

धाकटा पाचच्या आधीच आला. ट्रकशेजारी उभा राहून त्याने इंजिन ऐकलं, बंद करून पुन्हा लावून ऐकलं.

"एकही मोडला नाही?"

"एकही नाही," लेक म्हणाली. हे तर खरं होतं.

धाकटा खाली बघत राहिला. वाईट नव्हता तो. भित्रा होता, आणि बापाला असं बघणं त्याला सोसत नव्हतं, एवढंच. "ताई, मला वाटलं नव्हतं गं," तो बसक्या आवाजात म्हणाला. त्याने फोन काढला. "त्यांना आत्ताच नाही म्हणून सांगतो. बरं झालं बाई. उद्या फरशा भरून चढ चढायचाय. रात्र रात्र झोप नव्हती मला."

 लेकीने मोटारीतल्या त्या बाईचा आणि मुलांचा विचार केला, आणि तरी तिने पडद्यांखालच्या खोक्यांचं नाव काढलं नाही.

बाबा हात पुसत आले. फळीकडे पाहून थबकले. "खोकी कुठंयत?"

"कसली खोकी, बाबा?" धाकट्याने विचारलं.

"प्लगची. इथे आठ होती. मालकाला द्यायची असतात."

"मी टाकली कचऱ्यात," लेक घाईने म्हणाली. "रिकामी होती."

"टाकलीस?" बाबांचा चेहरा पडला. "मालकाला न दाखवता?"

ते तडक फाटकाजवळच्या कचऱ्याच्या डब्याकडे गेले आणि त्यांनी तो आडवा केला. अंड्यांची टरफलं, चहाचा गाळ, दोऱ्यांचे गुंते अंगणात पसरले. बाबा गुडघे टेकून बसले आणि सोललेल्या बोटांनी ते उपसायला लागले. "आठ होती," ते पुटपुटत होते. "आठ. मी बघितली होती."

धाकट्याने कानाला लावलेला फोन हळूहळू खाली घेतला. "बघ, ताई," तो म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता, नुसता थकवा होता. "गाडी दुरुस्त करतील. पण हे बघ."

लेक बघत होती. बाबांचं बरोबर होतं. या अंगणात या घडीला एकट्या त्यांचंच बरोबर होतं, आणि तिच्या खोट्यामुळे ते वेडे ठरत होते. भावाचा अंगठा फोनवर थांबलेला तिला दिसला. अजूनही गप्प राहता आलं असतं. पण बाबांनी चहाच्या गाळात हात घालून मान वर केली आणि विचारलं, "पोरी, नक्की इथेच टाकलीस ना?" ते तिच्याने बघवलं नाही.

"थांबा, बाबा. माझ्याकडे आहेत."

तिने खोकी आणून त्यांच्यासमोर ठेवली. बाबांनी हात सदऱ्याला पुसले, एकाची चिकटपट्टी नखाने काढली आणि प्लग बाहेर घेतला. पांढरीशुभ्र चिनीमाती, डाग नसलेलं टोक. त्यांनी तो उजेडात धरला. मग दुसरं खोकं उघडलं. तिसरं उघडलं नाही.

"हे नवे आहेत," ते म्हणाले.

 बाबांनी तारेच्या ब्रशकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं आणि मग लेकीकडे.

"तुला माहीत होतं."

"हो."

"भरली गाडी चढावर जाणार, हेही?"

"हो, बाबा."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी प्लग परत खोक्यात घातला आणि झाकण नीट लावलं. "माझ्या गॅरेजात कुणी असं लपवलं असतं तर त्याच दिवशी घरी पाठवला असता," ते म्हणाले. मग म्हणाले, "आणि असं काम करणाऱ्यालाही."

"बाबा, राहू द्या," धाकटा पुढे झाला. त्याचे डोळे भरले होते. "प्लग तर निघाले ना? ज्यांना जमत नव्हतं ते निघाले. मी कुणाकडूनही बसवून घेतो. पैज तुम्हीच..."

"गाडी चालते म्हणजे काम झालं, असं नसतं." बाबा गुडघ्यावर हात ठेवून उठले. "ती जागा कुठेशी आहे? चढाच्या पलीकडे ना?"

दोघंही दचकली.

"विसरतो मी. बहिरा नाही झालो." ते धाकट्याला म्हणाले, "त्यांना हो म्हण. आत्ता कळतंय तोवर म्हण, नंतर मी भांडेन. फक्त उद्या दुपारपर्यंतची मुदत माग. गाडीचं काम राहिलंय."

लेक त्यांच्या गळ्यात पडून रडली. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण माझं चुकलं असं म्हणाले नाहीत आणि तुझं चुकलं नाही असंही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी फरशा थांबल्या. सकाळी गार इंजिनावर लेकीने पाना लावला आणि बाबा स्टुलावर बसून सांगत राहिले. काल ज्या प्लगांनी रक्त काढलं होतं ते आज दोन बोटांनी फिरून वर आले, मागचा आठवासुद्धा. आट्यांवर कालचं ग्रीस होतं. तासाभरात काम उरकलं. इतकं सोपं काम आयुष्यात कुणाच्या जिवावर आलं नसेल.

बाबांनी प्रत्येक जुना प्लग त्याच्या खोक्यात घातला, पेन्सिलीने नंबर लिहिले, आणि आठही खोकी ओंजळीत धरून ते धाकट्यापुढे उभे राहिले.

"मालक, मोजून घ्या," ते म्हणाले.

ही चेष्टा होती की ते पुन्हा कुठेतरी जाऊन पोचले होते, हे दोघांनाही कळलं नाही. धाकट्याने खोकी घेतली आणि एक ते आठ मोठ्याने मोजली. बाबांनी आठ ऐकल्यावर मान हलवली आणि ते केबिनमध्ये चढून बसले. लेकीने बॅग त्यांच्या पायाशी ठेवली. ती मागे होईपर्यंत त्यांनी काच वर केली होती.

ट्रक फाटकातून निघाला. एक तरी सिलिंडर अडखळेल, ट्रक थांबेल, परत फिरावं लागेल, म्हणून लेक कान लावून उभी राहिली. ट्रक गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत ती ऐकत होती. आठही सिलिंडर एकसारखे चालत होते.